भडोचचा पतंग आणि वऱ्हाडची पऱ्हाटी

कीटकशास्त्राच्या सूचिग्रंथांत एखाद्या लहानशा पतंगाची माहिती पाहू गेल्यास ती बहुधा चार ओळींतच आटोपलेली आढळते. पंखांचा विस्तार पंधरा मिलिमीटर, रंग करडा, पुढच्या पंखांवर काळसर डाग, आणि शेवटी ‘आढळ : भारत’ एवढीच नोंद. जगात आजवर पतंगांच्या दीड लाखाहून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून त्यांपैकी दहा हजारांहून अधिक आपल्या देशात आहेत. आणि त्यांतील कित्येक बारीकसारीक जाती जगात अन्यत्र कोठेही नाहीत, असे ग्रंथ सांगतात. अशा नोंदी मात्र थोड्या सावधपणे वाचाव्या लागतात. एडवर्ड मेरिक (१८५४–१९३८) या इंग्रज शाळामास्तराने मार्लबरो येथील शाळेत शिकविता शिकविता सुमारे पंधरा हजार सूक्ष्म पतंगांची वर्णने प्रसिद्ध केली. बिहारमधील पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेतूनही त्यांच्याकडे नमुने जात असत. त्यांपैकी पुष्कळ जाती एखाद्-दुसऱ्या नमुन्यावरून ठरविलेल्या आहेत. अशा जातीपुढे एकाच देशाचे नाव असते, तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की इतरत्र तिचा शोध कोणी घेतलेला नाही.

आज वऱ्हाडातील लहान मुलासही नावाने ठाऊक असलेली एक जात अशीच एके काळी केवळ एका देशाच्या नावावर नोंदलेली होती. १८४० च्या दशकाच्या आरंभी गुजरातेतील भडोच येथील सरकारी कापूस लागवडीतून काही किडलेली बोंडे व त्यांतून निघालेले लहान करडे पतंग इंग्लंडला गेले. लंडनच्या कीटकशास्त्र मंडळाच्या वृत्तांतात विल्यम विल्सन सॉन्डर्स यांनी त्यांचे वर्णन केले आणि कापसाच्या ‘गॉसिपियम’ या शास्त्रीय नावावरून त्या जातीस ‘गॉसिपिएला’ असे नाव दिले. पुढे तिचे कुळ निराळे ठरून ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ हे आजचे नाव रूढ झाले. आपण तिला गुलाबी बोंडअळी म्हणतो. या जातीचे मूळ घर भारतीय उपखंडात, की आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाच्या बाजूस, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत; परंतु शास्त्राला तिची ओळख झाली ती मात्र भडोचच्या शेतात.

भारतातून सरकी बाहेर गेली, तसा हा पतंगही गेला. १९०६–०७ च्या सुमारास भारतातून इजिप्तला गेलेल्या कापसाबरोबर तो तेथे पोहोचला व थोड्याच वर्षांत नाईलच्या खोऱ्यातील कापूस त्याने पोखरला. इजिप्तमधून बियाण्याच्या सरकीबरोबर १९११ साली तो मेक्सिकोत उतरला आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात सापडला. सात-आठ मिलिमीटर लांबीच्या या जिवाने एवढा प्रवास स्वतःच्या पंखांवर केला नाही. सरकीच्या आत निजलेल्या अळीच्या रूपाने, गाठोड्यांतून आणि गोण्यांतून, माणसानेच त्यास जहाजावर चढविले. आज कापूस पिकविणाऱ्या बहुतेक सर्व देशांत त्याचा संचार झालेला आहे.

म्हणजे या पतंगास देशाची सीमा उरली नाही. दुसरी एक सीमा मात्र त्यास अजून ओलांडता आलेली नाही. तो राहतो, खातो व वाढतो तो जवळजवळ केवळ कपाशीवर. भेंडी, अंबाडी यांसारख्या कपाशीच्या नातलग झाडांवर तो क्वचित आढळल्याच्या नोंदी आहेत, पण त्याचा वंश टिकतो तो बोंडावर आणि सरकीवर. हिरवी बोंडअळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, टोमॅटोवर जगते. तिला उपाशी ठेवणे कोणास शक्य नाही. गुलाबी बोंडअळीला ते शक्य आहे. शेतात बोंड नसेल, तर तिच्या पुढच्या पिढीस अन्न नाही. वऱ्हाडातील ग्रामपंचायतींच्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातील सर्वांत उपयोगाची बाब हीच आहे आणि पुढील विवेचन तिच्याच अनुषंगाने केले आहे.

बोंडातील बिऱ्हाड

हा पतंग रात्रीचा. दिवसा तो मातीच्या भेगांत किंवा पाल्याखाली दडून बसतो. त्यामुळे वर्षानुवर्षे कपाशी करणाऱ्या शेतकऱ्यानेही तो डोळ्यांनी पाहिलेला असतोच असे नाही. पंख पसरले असता त्याचा विस्तार दीड ते दोन सेंटिमीटर. पुढचे पंख मातकट तपकिरी असून त्यांवर काळपट ठिपके व पट्टे असतात. मागचे पंख रुपेरी करडे व कडेने झालरीसारखे केसाळ. एक मादी साधारणपणे शे-दोनशे अंडी घालते. ती एकेकटी अथवा लहान पुंजक्यांनी पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर आणि बोंडाच्या देठाकडील पाकळीसारख्या पानांच्या आड ठेवलेली असतात. चार-पाच दिवसांत अंडे फुटते. बाहेर पडलेली अळी आरंभी पांढुरकी असते आणि तासा-दोन तासांच्या आत ती फुलात किंवा बोंडात शिरते.

या तासा-दोन तासांचे महत्त्व फार आहे. एकदा अळी आत गेली, की तिने पाडलेले बारीक छिद्र भरून येते व बोंड बाहेरून निरोगी दिसू लागते. त्यानंतर फवारणीचे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. शेतकरी बांधावरून पाहतो तेव्हा झाड हिरवेगार असते, बोंडे भरगच्च असतात. आत मात्र अळी एका सरकीतून दुसऱ्या सरकीत जात असते. दहा-पंधरा दिवसांत ती पूर्ण वाढते, गुलाबी रंगाची होते आणि बोंडाला भोक पाडून कोषात जाण्यासाठी बाहेर येते किंवा आतच राहते. हंगामाच्या काळात महिना-सव्वा महिन्यात एक पिढी पुरी होते.

फुलात शिरलेली अळी पाकळ्यांना आतून रेशमासारख्या धाग्यांनी बांधून टाकते. असे फूल उमलत नाही. गुलाबाच्या अर्धवट कळीसारखे मिटून राहते. शेतकरी यास ‘डोमकळी’ म्हणतात. डोमकळी हे पहिले उघड लक्षण होय. सकाळच्या वेळी शेतातून फेरी मारताना ती सहज ओळखू येते, आणि उघडून पाहिल्यास आत अळी सापडते. अशी फुले वेचून नष्ट करणे हे मजुरीचे काम आहे खरे, परंतु आरंभीच्या आठवड्यांत ते ज्यांनी केले त्यांचा पुढचा खर्च वाचला.

कीड लागलेले बोंड नीट फुटत नाही. त्यातील कापूस पिवळट पडतो, पाकळी पाकळीला चिकटून राहते आणि वेचताना ती कठीण कवडीसारखी हाती लागते. या ‘कवडी’ कापसाला भाव कमी मिळतो. वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर मिळते. कवडी वेचण्यास वेळ दुप्पट लागतो आणि वजन भरत नाही, म्हणून त्या शेतात मजूर येण्यासच नाखूष असतात. पोखरलेल्या सरकीत तेल कमी निघते, ती बियाण्याच्या कामाची राहत नाही. अशा रीतीने एका अळीचा तोटा शेतकरी, मजूर, जिनिंगवाला आणि तेलघाणा अशा चौघांमध्ये वाटला जातो. त्यातही मजूर स्त्रीच्या वाट्याचा तोटा कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

उमरा कापसाचा मुलूख

वऱ्हाड आणि कापूस यांचा संबंध वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, तेव्हा अमरावती, अकोला, खामगाव या पेठांचे दिवस पालटले. १८६७ साली भुसावळहून अकोला व बडनेरामार्गे लोहमार्ग नागपूरला पोहोचला. मुंबई व लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसास ‘उमरा’ म्हणत. हे नाव उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरूनच पडलेले आहे. त्या काळचा कापूस देशी जातीचा, आखूड धाग्याचा, पावसावर येणारा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६९) ‘एकेए’ मालिकेतील देशी वाणांच्या रूपाने तो धागा आजवर जपून ठेवला आहे.

१९७० साली सुरत येथून डॉ. सी. टी. पटेल यांचा ‘संकर-४’ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस बाहेर पडला आणि कपाशीचे गणित बदलले. संकरित झाड मोठे झाले, बोंडे अधिक लागू लागली, धागा लांब झाला. त्याचबरोबर पीक शेतात अधिक काळ उभे राहू लागले. जेथे ओलिताची सोय होती, तेथे ते अधिकच लांबले. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर या बाजूंच्या गावांत, विहिरीचे पाणी खारे असल्याने कपाशी मुख्यतः पावसाच्या भरवशावरच असते. उलट सातपुड्याच्या पायथ्याशी अकोट, तेल्हाऱ्याकडे गोड्या पाण्याच्या विहिरींवर मे अखेरीस मान्सूनपूर्व लागवड करता येते व तीच पऱ्हाटी पुढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत राखता येते. एकाच तालुक्यात काही शेतांत आधी आणि काही शेतांत उशिरापर्यंत बोंडे मिळत राहिल्यास पतंगास त्याहून अधिक काय हवे?

बीटी आली, तेव्हा

कपाशीवरील बोंडअळ्या तीन : ठिपक्यांची, हिरवी आणि गुलाबी. त्यांच्या भयाने एके काळी देशात वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या कपाशीवर पडत होती. मार्च २००२ मध्ये भारत सरकारने बीटी कपाशीच्या व्यापारी लागवडीस अनुमती दिली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा मातीतील एक सूक्ष्म जीवाणू अळ्यांना मारक असे प्रथिन तयार करतो. त्या प्रथिनाचे जनुक कपाशीत बसविलेले असल्याने झाडच अळीला विषारी होते. २००६ साली अशी दोन जनुके असलेली ‘बोलगार्ड-२’ वाणे आली. हिरव्या बोंडअळीचा त्रास झपाट्याने ओसरला व फवारण्या कमी झाल्या. त्या वर्षांत शेतकऱ्याने बीटीला जो कौल दिला, तो अकारण नव्हता.

परंतु जे औषध वर्षाचे बारा महिने, दर झाडावर, दर अळीस मिळते, त्याची सवय होणारी अळी निपजणारच. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातून २००९ च्या हंगामात गोळा केलेल्या गुलाबी बोंडअळ्या पहिल्या जनुकाच्या विषाला दाद देत नसल्याचे दिसून आले. पुढे पाच-सहा वर्षांत दोन जनुकांच्या कपाशीवरही ती जगू लागली. मग ही प्रतिकारशक्ती हिरव्या अळीत न येता गुलाबीतच का आली, याचे एक कारण वर आलेले आहे. हिरवी अळी तुरीवर, हरभऱ्यावरही वाढते. तेथे विष नसल्याने तिची साधी, औषधाला बळी पडणारी प्रजा टिकून राहते व प्रतिकारक अळ्यांशी संकर होऊन ती शक्ती पातळ होत जाते. गुलाबीला दुसरे घर नाही. जेथे सारीच कपाशी बीटी, तेथे तिची सारी प्रजा त्याच चाळणीतून जाते.

यासाठीच बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम बिगर बीटी सरकीची वेगळी पुडी दिली जात असे. ती शेताच्या कडेने पेरावयाची, म्हणजे साध्या अळ्यांना आश्रय मिळेल, अशी योजना होती. ती कोणी फारशी पेरली नाही. आपल्याच शेतात किडीसाठी चार ओळी सोडाव्यात, हे शेतकऱ्याच्या गळी उतरणे अवघड होते, आणि ते उतरविण्याचे काम विक्रेत्यावर सोपविणे ही योजनेतील उणीव होती असेच म्हणावे लागेल. नंतर बिगर बीटी दाणे त्याच पिशवीत मिसळून देण्याची पद्धत आली.

दुसरे एक कारण आपल्या देशाचे विशेष आहे. अन्य बहुतेक देशांत बीटी कपाशी सरळ वाणांत आहे. आपल्याकडे ती संकरित वाणांत आली. संकरित झाडाच्या बोंडातील सरकीत जनुकांची विभागणी होते आणि एकाच बोंडातील काही दाण्यांत विष असते, काहींत नसते. अळी सरकीच खाणारी असल्यामुळे तिला विषाची थोडी चव मिळते, पण मरण येण्याइतकी मात्रा मिळेलच असे नाही. सवय लावण्यास याहून सोयीची व्यवस्था मुद्दाम करू म्हटले तरी सुचली नसती.

२०१७ चा हंगाम

२०१७ च्या खरिपात जे घडले ते विदर्भातील कापूस उत्पादकांच्या स्मरणात आहे. ऑक्टोबरात दुसऱ्या वेचणीस आलेली बोंडे फोडली, तेव्हा बोंडागणिक अळ्या निघू लागल्या. यवतमाळ, अमरावती, अकोला या सर्वच जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी उभ्या पिकात गुरे सोडली, काहींनी नांगर घातला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. झाडे पुरुषभर उंच वाढलेली, हवा कोंदट, तोंडाला फडके, अंगावर रोजचेच कपडे आणि दोन-तीन औषधांचे एकत्र मिश्रण, अशा स्थितीत ही फवारणी चालली होती.

डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर अधिवेशनात राज्य शासनाने कोरडवाहू कपाशीस हेक्टरी ३०,८०० रुपये व बागायतीस ३७,५०० रुपये मदत जाहीर केली. ही रक्कम आपत्ती निधी, पीक विमा आणि बियाणे कंपन्यांकडून वसूल करावयाची भरपाई अशा तीन वाटांनी यावयाची होती. गावोगाव पंचनामे झाले. या अनुभवातून एक गोष्ट प्रशासनालाही पुरती उमगली : ही कीड बोंडात शिरल्यावर तिच्यावर खर्च केलेला पैसा फवारणीचा असो वा मदतीचा, तो उशिराच पोहोचतो.

फरदडीचा प्रश्न

दिवस लहान होऊ लागले व थंडी पडू लागली, की गुलाबी बोंडअळीच्या वागणुकीत एक बदल होतो. पूर्ण वाढलेल्या अळ्या कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात. पुष्कळदा दोन सरक्या रेशमी धाग्याने एकमेकींस जोडून त्यांच्यामध्ये अळी अंग चोरून पडून राहते. अशा स्थितीत ती काही न खाता कित्येक महिने जिवंत राहते. किडकी बोंडे, झाडावर सुकलेली न उमललेली बोंडे, जिनिंगमध्ये साठविलेली सरकी, जमिनीवर पडलेला पालापाचोळा ही तिची उन्हाळ्यातील निवासस्थाने होत.

मे-जूनमध्ये उष्मा व पहिल्या पावसाची ओल मिळताच यांतून पतंग बाहेर पडू लागतात. पतंगाचे आयुष्य थोड्या दिवसांचे. त्या दिवसांत त्यास पाते किंवा फूल मिळाले नाही, तर अंडी निष्फळ जातात व तो वंशाविना मरतो. शास्त्रज्ञ यास ‘आत्मघाती’ बाहेर पडणे म्हणतात. कपाशीला पाती धरण्यास लागवडीपासून सव्वा ते दीड महिना लागतो. जूनच्या मध्यानंतर पुरेसा पाऊस झाल्यावर केलेल्या पेरणीत पाती येईतो जुलै संपत येतो, आणि उन्हाळ्यातील बरेचसे पतंग तोवर मरून गेलेले असतात. मे महिन्यात लावलेली कपाशी मात्र त्यांना नेमकी वेळेवर पाती पुरविते. तेथे वाढलेली पिढी पुढे साऱ्या शिवारात पसरते. म्हणून राज्याच्या कृषी विभागाने अलीकडच्या काही हंगामांत १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना कपाशीचे बियाणे विकण्यास मनाई केली होती. या आदेशावर त्या वेळी बरीच नाराजी उमटली. विशेषतः ओलिताच्या गावांत. नाराजी समजण्यासारखी होती, तरी आदेशामागील हिशेब चुकीचा नव्हता.

हंगामाच्या दुसऱ्या टोकास फरदड आहे. डिसेंबरात मुख्य वेचण्या संपल्यावर पाणी व खत देऊन तीच पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत राखणे, यास फरदड घेणे म्हणतात. फरदडीचा कापूस हलका असतो. परंतु त्यास नवीन बियाणे नको, नांगरट नको, पेरणी नको. भाव वाढेल ही आशा असते. हरभरा किंवा गहू घेण्याचे दिवस निघून गेलेले असतात. ज्याच्याजवळ दुसरे काही नाही, तो हातातली पऱ्हाटी सहजासहजी उपटणार नाही. अशा शेतकऱ्यास ‘अडाणी’ म्हणून चालणार नाही. त्याचे दोन क्विंटल त्याला दिसतात. त्या दोन क्विंटलांसाठी अळीच्या आणखी दोन पिढ्या गावात पोसल्या जातात, हे मात्र त्याच्या एकट्याच्या हिशेबात दिसत नाही. पुढच्या जुलै-ऑगस्टात ते शेजाऱ्याच्या शेतात दिसते.

येथेच हा विषय कृषी सहायकाच्या हातून ग्रामसभेच्या हाती येतो. गावातील पन्नास शेतकऱ्यांनी पऱ्हाटी डिसेंबर अखेरीस काढली आणि पाच जणांनी राखली, तर पन्नासांचा त्याग बव्हंशी वाया जातो. पतंग बांध ओळखत नाही. म्हणून निर्णय एकेका शेतकऱ्याचा न राहता शिवाराचा व्हावयास हवा, आणि तो डिसेंबरात नव्हे, पेरणीपूर्वीच्या ग्रामसभेत व्हावा. म्हणजे ज्याला रब्बी हरभरा घ्यावयाचा आहे त्यास कमी मुदतीचे वाण निवडता येईल. दीडशे-एकशे साठ दिवसांत वेचणी संपणारे वाण ज्याने पेरले, त्याला फरदडीचा मोह मुळातच कमी होतो.

पऱ्हाटी उपटल्यावर ती ठेवावयाची कोठे, हा आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो स्वयंपाकघरातला आहे. वऱ्हाडात पऱ्हाट्यांचे ढीग अंगणात, गोठ्यामागे, गावकुसाला रचलेले असतात. गरिबाची चूल वर्षभर त्यांवर पेटते. या ढिगातील सुकल्या बोंडांत अळ्या सुखाने राहतात. ‘पऱ्हाट्या जाळून टाका’ असे लिहिणे सोपे आहे. गॅसची टाकी भरून आणणे ज्याला परवडत नाही, त्याला हा सल्ला लागू पडत नाही. त्यापेक्षा उभ्या पिकात मेंढ्या किंवा गुरे चारून उरलेली हिरवी बोंडे आधी खाऊ घालावीत, उपटलेल्या पऱ्हाटीवरील सुकी बोंडे झोडून वेगळी करावीत व तेवढीच जाळावीत, सरपण मग निर्धास्तपणे रचावे. ज्या गावात पऱ्हाटीचा भुगा करणारे यंत्र भाड्याने मिळते, तेथे ते शेतातच फिरविणे उत्तम; काडी मातीत जाते आणि अळीही.

वासाचा सापळा

पतंगाची मादी रात्री एक सूक्ष्म गंध सोडते. नर आपल्या मिशांनी तो दुरून ओळखतो व वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने तिच्यापर्यंत येतो. १९७३ साली शास्त्रज्ञांनी या गंधाची घडण उलगडली व तो कृत्रिम रीतीने तयार करण्यात आला. ‘गॉसिप्लुअर’ असे त्याचे नाव. रबराच्या लहान गोळीत तो मुरवून सापळ्यात टांगला, की नर त्यात येऊन अडकतात. यास आपण कामगंध सापळा म्हणतो.

एकरी दोन सापळे पाहणीसाठी पुरेसे होतात. ते पिकाच्या शेंड्याहून किंचित उंच, लागवडीनंतर दीड महिन्याने लावावेत, आणि गोळी कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावी. लागोपाठ तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ किंवा अधिक पतंग आले, तर ती इशाऱ्याची पातळी समजतात. यासोबतच शेतातील निरनिराळ्या झाडांवरून वीस हिरवी बोंडे तोडून फोडून पाहावीत. दोहोंत अळी सापडली, म्हणजे नुकसान दहा टक्क्यांवर आले असून उपाय करण्याची वेळ झाली. त्याआधी निंबोळी अर्काची फवारणी व अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा जातीच्या परोपजीवी गांधीलमाशीची कार्डे उपयोगी पडतात. रासायनिक औषधाचा क्रम त्यानंतर येतो. तो विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे एका वेळी एकाच औषधाचा असावा; मिश्रण करू नये, आणि हातमोजे, चष्मा व मुखपट्टी यांशिवाय फवारा खांद्यावर घेऊ नये.

शिक्षकवर्गास येथे एक सुचवावेसे वाटते. कपाशी शाळेच्या कुंपणापलीकडेच असेल, तर एक कामगंध सापळा शाळेच्या आवारात टांगता येतो. मुलांनी रोज सकाळी त्यातील पतंग मोजून फळ्यावर आकडा लिहावा. सरासरी म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकातील आंब्यांपेक्षा या आकड्यांवरून लवकर समजते. शिवाय शेतकरी पालकाला शाळेकडे वळून पाहण्याचे एक कारण मिळते.

जगातील दुसऱ्या टोकाचे उदाहरणही येथे नमूद करण्याजोगे आहे. १९१७ मध्ये टेक्सासात शिरलेली गुलाबी बोंडअळी अमेरिकेच्या कापूस क्षेत्रातून उच्चाटन पावल्याचे तेथील शासनाने २०१८ साली घोषित केले. त्यांनी बीटी कपाशी वापरली, गंधाचा उपयोग करून नर-मादींची भेट चुकविली, किरणोत्साराने वांझ केलेले अब्जावधी पतंग विमानांतून सोडले, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत प्रत्येक शेतातील झाडे नष्ट करण्याचा नियम पाळला. पहिल्या तीन गोष्टींस मोठे भांडवल लागते. गंधाने भेट चुकविण्याचे प्रयोग आपल्याकडेही केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या (नागपूर, स्थापना १९७६) देखरेखीखाली होत आहेत. चौथ्या गोष्टीस भांडवल लागत नाही, परंतु आपल्याकडील दोन-पाच एकरांच्या शेकडो तुकड्यांत ती घडवून आणणे अमेरिकेतील हजार एकरांच्या एका मळ्यापेक्षा कितीतरी अवघड आहे; तेथे एका मालकाची सही पुरते, येथे सबंध गावाची लागते.

शेवटी जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयी थोडेसे. फरदड बंद झालेल्या गावाच्या वेशीवर जर कारखाना असेल, तर तेथे आलेल्या कापसाबरोबर आजूबाजूच्या वीस गावांची कीड येत असते. मार्च-एप्रिलनंतर तेथे राहिलेला कापूस व सरकी उघड्यावर पडून असल्यास आवारातून निघालेले पतंग लगतच्या शेतांकडे वळतात. म्हणून हंगाम संपताच सरकी तेलघाण्याकडे रवाना करणे, कचरा जाळणे आणि कारखान्याच्या भोवती कामगंध सापळे लावून ते पावसाळ्यापर्यंत चालू ठेवणे याचा आग्रह बाजार समित्या व ग्रामपंचायती यांनी धरावयास हवा. या सापळ्यांतील पतंगांची नोंद कारखान्याने दर आठवड्यास तालुका कृषी कार्यालयाकडे दिली, तर नव्या पेरणीपूर्वीच कोणत्या पट्ट्यात कीड किती शिल्लक आहे हे कळू शकेल व पहिले सापळे कोणत्या गावांत लावावयाचे ते ठरविता येईल.